ताप तर गेला ना?

ठमीच्या तोंडाचा पट्टा सुटला तो थेट मैदानाच्या कडेला. समोर होता चांगदेव, तिचा चुलत दीर आणि गावच्या कबड्डी संघाचा सर्वेसर्वा. ती बाजारात गेलेली बघून त्याने तिच्या पोराला, प्रज्योतला, अंतिम सामन्यासाठी घरून उठवून आणलं होतं.

"भावजी, डॉक्टर काय बोलले ते तुमच्या कानावर घातलं व्हतं का न्हाय?"

"वयनी, ताप तर गेला ना? फ्लूनं कुनाचं काय होतंय?"

फ्लूनेच झालं होतं. ताप उतरला, खोकला थांबला आणि मग पोरगा चार पायऱ्या चढून धापा टाकायला लागला. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं, तर हृदयाच्या स्नायूला सूज. ती पूर्ण उतरेपर्यंत धावणं नाही, खेळणं नाही. खेळता खेळता हृदय बंद पडू शकतं, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं. पण दिसायला पोरगा धडधाकट. पाय मोडला असता तर याच गावाने त्याला खांद्यावर मिरवलं असतं. आतलं दुखणं दिसत नाही, म्हणून जो तो डॉक्टर! कोणी म्हणे गॅस झालाय, कोणी म्हणे आईने लाडावून ठेवलंय. ऐकून ऐकून ठमीच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"आय, घरी जा. लोकं हसतात," प्रज्योत पुटपुटला.

पंचाने शिट्टी मारली. ठमीने पदर खोचला, मैदानात शिरली आणि मधल्या रेषेवर बसकण मारली.

"चढाई करायची ना? करा माज्या अंगावरनं!"

बघ्यांत हशा पिकला. समोरचा, मांडव्याकडचा संघ नुसता बघत राहिला.

"उचल रे आयशीला," चांगदेव ओरडला, "नायतर सामना त्यांना देतील!"

प्रज्योत शरमेने लाल झाला. तरातरा आला, वाकला, आईच्या काखेत हात घालून तिला उचलू लागला. ठमी ती केवढी, चिपाडासारखी बाई. ती जेमतेम जमिनीवरून सुटली आणि त्याचे हातच गळाले. तो तिच्याशेजारी मटकन बसला. कपाळावर घाम, तोंड उघडं, श्वास काही केल्या पुरेना.

हसणं थांबलं. ठमीने त्याला छातीशी धरलं आणि चांगदेवकडे बघितलं.

"उतरवा आता त्याला मैदानात. उतरवा ना!"

गाडी काढायला धावला तो मांडव्याकडच्या संघाचा कप्तान. तिच्या गावचा एकही जागचा हलला नाही.