चपटी बाजू

ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या माणिकबाजारात को न्यान लिनइतका चावट दलाल दुसरा नव्हता. त्यानं एकदा एका बड्या व्यापाऱ्याच्या खड्यांच्या पितळी ताटात डाळिंबाचा दाणा टाकला होता. व्यापाऱ्यानं भिंगातून बघून भावही विचारला. बाजार महिनाभर हसत होता.

तर या न्यान लिननं बँकॉकहून एक स्वस्तातली नळी मागवली. बोटाएवढी. आत दोन खिडक्या. खडा उजेडावर धरायचा, खिडक्यांत दोन वेगळे रंग दिसले तर माणिक, एकच दिसला तर लालडी, म्हणजे माणकाची गरीब बहीण. सोबत झेरॉक्स केलेला तक्ता. तेव्हापासून तो चहाच्या दुकानात डॉक्टरसारखा बसायचा.

खाणीनं टाकलेल्या मातीत खडे वेचायचा मान तिथं बायकांचा. खिन न्वे मावशीनं त्या मातीत चाळीस वर्षं काढली. आता डोळ्यांत मोतीबिंदू. एक लाल खडा तिनं डोळ्यांसाठीच राखून ठेवलेला.

"बघ रे. माणिक असेल तर दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होईल."

खडा चपटा, बत्ताशासारखा. न्यान लिननं तो टॉर्चवर चपटाच ठेवला नि नळी लावली. दोन्ही खिडक्या सारख्याच लाल.

"लालडी, मावशी."

"नक्की? का चेष्टा?"

"आईशप्पथ."

मावशीनं खडा फडक्यात बांधला. मग तिनं तो मंडालेच्या गिऱ्हाईकाला लालडीच्या भावात दिला. त्या पैशांत एकच डोळा झाला.

आठ दिवसांनी तक्त्यावर चहा सांडला. वाळवायला उलटा केला तर मागंही छापलेलं: खडा फिरवून तीन बाजूंनी बघा, माणिकसुद्धा एका बाजूनं एकच रंग दाखवतो, चपट्या खड्यात बहुतेक तीच चपटी बाजू.

न्यान लिननं लगेच मंडालेला फोन लावला. गिऱ्हाईक म्हणालं, खडा पुढं गेला. कुणाकडं, ते सांगेना.

तो मावशीकडं गेला. एका डोळ्यावर पट्टी, गालांवर तनाखाच्या सालीचा ताजा लेप, मावशी खुशीत.

"मावशी, तो खडा माणिक असेल. मी एकाच बाजूनं बघितला."

"चल, चावटा." ती खोखो हसली. "आजारी माणसाची तरी चेष्टा सोड."

"खरंच सांगतोय गं."

"खरं सांगताना तुझं तोंड असं होत नाही. बस. तुझ्यामुळं डोक्यातलं खूळ गेलं, नाहीतर माणिक माणिक करत आंधळी मेले असते." मग तिनं दाराबाहेर हाक मारली, "या गं, आलाय तो."

बाहेर सात-आठ बाया, प्रत्येकीच्या मुठीत फडक्यात बांधलेला खडा.

पहिलीचा खडा त्यानं टॉर्चवर ठेवला. बघितला. फिरवला. पुन्हा बघितला. पुन्हा फिरवला.

"अरे, किती वेळ?" मावशी म्हणाली. "माझा तर झटक्यात सांगितलास."