तीन बोटांचं जाळं

मनसारामनं जाळ्याच्या एका घरात तीन बोटं घालून पाहिली. दोनच गेली. त्यानं शेजारचं घर पाहिलं, त्याच्या शेजारचं पाहिलं, मग अंगणभर पसरलेल्या जाळ्यावरून उकिडवा सरकत पार दुसऱ्या टोकाला गेला. सगळीकडे दोनच.

"गोकुळा," त्यानं हाक मारली, "इकडं ये वं बाई."

गोकुळा, त्याची सून, चुलीपुढून उठून आली. सासऱ्याची दोन बोटं जाळ्यात आणि तिसरं बाहेर ताठ उभं, हे पाहून ती जागीच थांबली.

आरमोरीच्या ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, उन्हाळ्याच्या तोंडाला जाळ्यानं तलाव ओढायची रीत होती. प्रत्येक घरानं चाळीस हात जाळं विणायचं, सगळे तुकडे जोडून एकच महाजाळ करायचं, आणि ज्याचा तुकडा त्यात असेल त्याला मासोळीत वाटा. फक्त जाळ्याच्या घरात तीन बोटं गेली पाहिजेत, म्हणजे पिल्लं निसटून पुढच्या सालाला उरतात. बारीक घराचा तुकडा पंच हातही न लावता परत करत. आणि गंमत पाहा, मनसाराम स्वतःच पंच. गेल्या साली त्यानंच एका सोयऱ्याचा तुकडा तलावाच्या बांधावर, भर पाळीवर, सगळ्यांदेखत परत पाठवला होता. आता स्वतःचा कोणत्या तोंडानं नेणार?

"पट्टी कोणती घेतली होती?"

गोकुळानं कोनाड्यातून बांबूची पट्टी आणून दिली. विणताना सूत ज्या पट्टीवरून फिरवून गाठ मारायची, ती ही. घरात अशा दोन होत्या: महाजाळाची रुंद आणि घरच्या फेकजाळ्याची अरुंद. हातात होती ती अरुंद.

"अन् रुंद कुठी आहे?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"पुस्तकात, मामाजी. खूण म्हणून ठेवली होती. विणताना कोनाड्यातली हातात आली, तेच घेतली. माह्या ध्यानातच नाई राह्यलं."

मनसारामनं डोक्यावरचं फडकं काढून झटकलं आणि पुन्हा बांधलं. रागावला की तो तेवढंच करी.

"शुक्रवारी तलाव. तुही परीक्षा कधी?"

"त्याच्या पुढच्या सोमवारी. चांद्याले."

"चार दिवसांत चाळीस हात. मंग पुस्तक ठेव बांधून. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली! ही परीक्षा सुईणीच्या सरकारी शिक्षणाची होती, आणि बोलावणं दोन वर्षं अर्ज केल्यावर आलं होतं. दोन सालांमागे मनसारामची लेक मंगली याच घरात बाळंतपणात अडली. वैनगंगेला पूर, नर्सबाई पलीकडच्या काठावर, आणि त्या पाण्यात डोंगा घालायची कुणाची छाती नव्हती. मंगलीनं जीव सोडला तेव्हा तिचं डोकं गोकुळाच्याच मांडीवर होतं. त्या दिवसापासून मनसारामनं लेकीचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि कुणाला काढूही दिलं नाही. गोकुळाचा नवरा बांबूच्या तोडीवर जंगलात गेला की घरात ही दोघंच. मध्ये ते न काढलेलं नाव.

अडचण होती ती इंग्रजीच्या पेपराची. शब्द पाठ झाले होते, धडे वाचता येत होते. पण तिला शिकवणारे देवाजी मास्तर म्हणत, या भाषेतल्या क्रियापदांना शेपट्या असतात, आणि शेपूट बदललं की जनावरच बदलतं. 'पुट' म्हणजे ठेवणे. त्याला 'ऑफ' लावा, पुढं ढकलणे. 'आउट' लावा, विझवणे. 'ऑन' लावा, अंगात घालणे. "याले कायदा नाई, बाई," मास्तर हात झाडून म्हणत, "पाठच करा लागते." म्हणून गोकुळानं हिवाळाभर जाळं विणता विणता ते पाठ केलं. एक ओळ एका क्रियापदाची, एक गाठ एका शेपटीची. मोठ्यानं म्हणायची, नाहीतर ध्यानात राहत नसे. मोहल्ल्यातल्या बायका फिदीफिदी हसत. हसोत बापड्या!

"नाई, मामाजी," ती म्हणाली. सासऱ्यापुढं इतकं सरळ ती आजवर कधी बोलली नव्हती. "जाळंई करतो अन् परीक्षाई देतो. जाळं नाई झालं तर मी आपणहून पुस्तक बांधून ठेवतो."

मनसारामनं पुन्हा फडकं झटकलं.

गोकुळानं पुस्तकातून रुंद पट्टी काढली, तिच्या जागी पळसाचं पान घातलं आणि नवं सूत घेऊन खांबाशी बसली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बोटांची सालं निघाली, त्यावर तिनं चिंध्या बांधल्या. भात रांधताना विणलं, जनावरांना पाणी दाखवून आली की विणलं, आणि तोंड सारखं चालू: गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे. बुधवारी दुपारी मोजलं तर जेमतेम एकवीस हात. हिशेब बसत नव्हता. तिला रडूच कोसळलं, पण हात काही थांबवला नाही.

तेवढ्यात मनसाराम आला. समोरच्या खांबाशी बसला, विणायची दुसरी सुई घेतली आणि दुसऱ्या टोकाकडून विणायला लागला. त्याला पट्टी लागत नसे. त्याची तीन बोटं हीच त्याची पट्टी.

गुरुवारी उन्हं कलताना दोन्ही टोकं समोरासमोर आली. मध्ये हातभर जागा उरली होती. गोकुळाचा घसा बसला होता, तरी ती म्हणतच होती.

"ब्रेक डाउन, ब्रेक आउट, ब्रेक इंटू, ब्रेक अप. लुक आफ्टर, लुक..."

"थांब वं बाई. एक घर सुटलं."

ती दचकली. पट्टी टाकून तिनं शेवटची ओळ बोटांनी चाचपली. घरं सगळी जागच्या जागी होती.

"कुठी, मामाजी? जाळं तर बरोबर आहे."

"जाळ्यात नाई." मनसारामनं मान वर केली नाही. "ब्रेक पाच होते. तू चारच म्हटले. ब्रेक ऑफ राह्यला."

गोकुळा बघतच राहिली. हा माणूस सही म्हणून अंगठा उठवत होता.

"तुमाले कसं..."

"हिवाळाभर कानापाशी भुणभुण करून राह्यली, अन् वरून इचारते कसं!" त्यानं गाठ आवळली आणि त्या घरात तीन बोटं घालून पाहिली. तिन्ही गेली. मग बराच वेळ ती बोटं त्यानं तिथंच राहू दिली. "पहिल्यापासून म्हण. मी मोजतो. चांद्याले एकई सुटलं नाई पायजे. माह्या मंगलीच्या टायमाले कोणी आलं नाई, बाई. दुसऱ्याच्या मंगलीले तू पायजे."

दोन वर्षांनी त्या अंगणात ते नाव निघालं होतं. गोकुळाचे डोळे भरून वाहायला लागले, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

"ब्रेक डाउन," ती म्हणाली.

"एक," मनसाराम म्हणाला.