एझ्राचे पाय

इंग्लंडात होव्ह गावी समुद्राजवळच्या बागेत हॅलेटसाहेब हलती चित्रं काढायचे. त्यांच्याकडे एझ्रा टपेनला काम मिळालं ते पाय नव्हते म्हणूनच. रेल्वेच्या रुळांवर दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरपासून तुटले होते. तेव्हापासून तो चाकांच्या फळीवर बसून हातांनी रस्ता रेटायचा.

काम सोपं होतं. ल्यूक पेनफोल्ड नावाचा धडधाकट नट मोटारीखाली यायचा. साहेब चित्रं टिपणाऱ्या यंत्राचा फिरता दांडा थांबवायचे, ल्यूक उठून बाजूला व्हायचा, आणि त्याच्यासारखेच कपडे घातलेल्या, तशीच मिशी लावलेल्या एझ्राला तिथे निजवायचे. शेजारी पेंढा भरलेले दोन पाय. दांडा पुन्हा फिरू लागला की डॉक्टर झालेला नट येऊन ते डिंकानं चिकटवायचा. पुन्हा दांडा थांबायचा, एझ्राच्या जागी ल्यूक निजायचा आणि टुणकन उठून चालू लागायचा. पडद्यावर हे सगळं एकाच माणसाचं झालेलं दिसायचं, आणि जत्रेच्या तंबूत लोक हसून लोळायचे. ल्यूक एझ्राशी कधी चार शब्द बोलला नव्हता. काम झालं की एझ्रा एकटाच खोलीवर परतायचा.

सप्टेंबरात गावाकडून पुडकं आलं. आत जाड लोकरीचे मोजे, आणि आईनं शेजारणीकडून लिहून घेतलेलं पत्र. म्हातारीनं जत्रेत ते चित्र पाहिलं होतं, जन्मात पहिल्यांदाच. फोटो काही खोटं बोलत नाही, तिनं लिहिलं होतं. त्या डॉक्टरचं देव भलं करो. आता नाताळला चालत घरी ये.

एझ्रानं तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तिन्ही कागद फाडले.

दुसऱ्या दिवशी बागेत त्यानं फळी ल्यूकच्या खुर्चीपाशी नेली आणि मोजे पुढे केले. आईचं पत्रही वाचून दाखवलं.

"अरे, तुझ्या आईनं तुझ्यासाठी विणलेत," ल्यूक म्हणाला.

"तिनं चालताना पाहिलं ते तुला. घालून बघ, बसतात का."

ल्यूकनं बूट काढले. मोजे बरोबर बसले. तो उठून हिरवळीवर दोन फेऱ्या मारून आला, आणि एझ्राशेजारी गवतावर बसून राहिला.

हिवाळ्यात ऊन नसलं की चित्रं काढणं बंद असायचं, तरी एझ्रानं आईला लिहिलं की नाताळात कामाचा फार रेटा आहे, यायला जमणार नाही. मोजे मात्र अगदी मापाचे झाले, आणि फार उबदार आहेत.