बाईसाहेबांचं दार

"या ओंडक्यासमोर भांडायचं नाही, बाईसाहेब रुसून घर सोडतात. आणि पोर गप्प झालं की आधी उठून बघायचं." गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मेरिदा शहरात जाताना दोन्या (म्हणजे तिकडच्या 'बाई') फिदेन्सियांनी सुनेला बजावलं होतं.

नेलसीने दोन्ही गोष्टी या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या. जीवशास्त्र शिकलेली बाई ती. मधमाश्यांना नवरा-बायकोची भांडणं कळतात होय? आणि लक्ष ठेवायचं तिला कुणी शिकवायचं? दीड वर्षाच्या सुएमीचा ताप ती दिवसातून चारदा मोजत होती. ताप नसतानाही.

बाईसाहेब म्हणजे ओंडक्यातल्या बिननांगीच्या माश्या. रस्त्यासाठी जंगल तोडलं तेव्हा सासूबाई त्या आडव्या खोडावर फतकल मारून बसल्या, आणि माश्यांसकट तेवढा तुकडा पदरात पडल्यावरच उठल्या. आसपासच्या रानात तसली दुसरी वसाहत उरली नव्हती. ही गेली की संपलंच.

सासूबाई परतायच्या आदल्या दिवशी भांडण झालं, आणि तेही नेमकं ओंडक्यासमोर.

"पाचव्यांदा मोजतेयस?" तिचा नवरा गास्पार म्हणाला. "अगं, ताप पोरीला नाही, थर्मामीटरला आलाय!"

"तू झुल्यात लोळ! आपल्याला मुलगी आहे, हे तरी आठवतंय का?"

आवाज चढत गेले. मग नेलसीची नजर ओंडक्याच्या भोकाकडे गेली. तिथे सदा डोकं काढून बसणारी पहारेकरीण नव्हती. बाहेर सात-आठ माश्या नुसत्या घिरट्या घालत होत्या.

"निघाल्या रे! आईंना काय तोंड दाखवू?" नेलसीचं जीवशास्त्र तिथल्या तिथे वितळलं. "माफी माग!"

गास्पारने हात जोडले. "बाईसाहेब, चुकलो."

"काय चुकलं ते सांग."

"मी झुल्यात लोळतो."

"आणखी?"

"आणखी म्हणजे? आता तू सांग की!"

"बाईसाहेब," नेलसी दात आवळून म्हणाली, "माझा नवरा फार गुणी आहे."

"मोठ्याने बोल गं!" कुंपणापलीकडून शेजारच्या दोन्या गिल्मा ओरडल्या. "आमच्या ह्यांनाही ऐकू दे!"

अर्धा तास कौतुक चाललं. पहारेकरीण काही आली नाही. दोघांकडचे गुण संपले आणि अंगण शांत झालं. फारच शांत.

"सुएमी कुठाय?"

सुएमी ओंडक्याच्या मागून आली. हातात काळ्या घेवड्याच्या भाजीची वाटी, कोपरापर्यंत भाजी. आईबापांकडे ढुंकूनही न बघता तिने बोटभर भाजी घेतली, अंगठ्याने भोकात दाबली आणि अगदी नेलसीच्या सुरात म्हणाली, "एक घास. आ कर!"

भोक काळं, भाजीही काळी. एवढं लक्ष ठेवणाऱ्या नेलसीला मेलं काही दिसलंच नव्हतं!

तिने केसातली पिन काढून हळूच भाजी कोरली. शेवटचा गोळा निघाला तसं एक चिमुकलं डोकं बाहेर आलं. मिशांना घेवडा. मागून गर्दीने माश्या सुटल्या.

"म्हणजे माफी बंद दारासमोर मागितली?" गास्पार म्हणाला. "त्यांनी ऐकलीच नसेल!"

"मग पुन्हा माग," नेलसी म्हणाली.

आणि तुम्ही हो? घरात दुडदुडणारं पोर असेल, आणि ही गोष्ट वाचताना कुणी एकदाही मध्ये लुडबुड केली नसेल, तर नेलसीच्या सासूबाईंचं एवढं ऐका. उठा, आणि आधी बघून या.