बाजूला न बसणारी तनुजा

तनुजाची पाळी थांबली तेव्हा आमच्या गावाला आनंद झाला. हे मी बोचरं लिहायचं म्हणून लिहीत नाही. खरंच झाला. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोकही वाचतात आणि माझे आईवडील अजून तिथेच राहतात. शिरूर अनंतपाळ आणि उदगीर यांच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. तनुजा आणि मी पोलीस भरतीची तयारी करत होतो. पहाटे फाट्यापर्यंत पळायचं, मग एसटीने उदगीरला शिवकुमार सरांच्या मैदानावर. सरांचा असा सिद्धांत होता की पोरगी जेवते म्हणून मागे पडते. त्यामुळे सकाळी काळा चहा, दुपारी एक भाकरी आणि शनिवारी वजनकाटा. जिचा काटा खाली उतरेल तिच्यासाठी टाळ्या. तनुजाने हे फार मनावर घेतलं. मी घेतलं नाही, पण त्यात माझा काही शहाणपणा नाही. आमची आई सरजाबाई ताट घेऊन दारातच उभी राहायची आणि तिला ओलांडून जायची माझी छाती नव्हती. म्हणून तनुजा पुढे आणि मी मागे.

तनुजाच्या घरी तिचं पळणं कुणालाच पसंत नव्हतं. वडील भुजंगकाका मवाळ माणूस. घरात चालायचं ते तिच्या मोठ्या चुलतीचं, धोंडाबाईचं. तनुजा तिला मोठीआई म्हणायची. मोठीआईला ट्रॅकपँट दिसली की तिचं डोकं दुखायचं. तिने लोहा गावचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करून ठेवलं होतं. मुलाचं शेती अवजारांचं दुकान होतं आणि बायकोने पळू नये एवढीच त्याची अट होती.

त्या घरात बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसतात. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. कोण कधी बसली हे मोठीआईला तोंडपाठ. पोळा झाला, गौरी आल्या नि गेल्या, तरी तनुजा बसली नाही तेव्हा मोठीआईने बोटांवर दिवस पुन्हा मोजले. तिने पोरीला गोठ्याच्या मागे नेऊन जे विचारायचं ते विचारलं. तनुजाने शपथ घेतली. शपथेवर मोठीआईचा अर्धाच विश्वास, म्हणून नर्सबाईंकडून तपासूनही घेतलं. तसलं काही नव्हतं. मग काय होतं? दुखणं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण पोरगी हरणासारखी पळत होती. तेवढ्यात नवरात्र आलं, घरातल्या दोघी सुना नेमक्या घटाच्या दिवशी बाजूला बसल्या आणि घटाचं सगळं तनुजाने केलं. नऊ दिवस, कुठे खंड नाही. मोठीआईने हात जोडले आणि देवीची कृपा झाली असं जाहीर केलं.

ज्यांनी कधी घर चालवलंय त्यांना कळेल की ही केवढी सोय होती. सणाचा दिवस आणि बाईचा दिवस यांची टक्कर ठरलेलीच. बायका गोळ्या खाऊन पाळी पुढे ढकलतात, तरी ऐन पुरणाच्या वेळी घात होतो. इथे तर बारमाही शुद्ध पोरगी घरची घरात. शेजारणीने सत्यनारायणाच्या प्रसादाला तिला मागून नेलं. मग कुणी कुळाचाराला, कुणी वास्तुशांतीला. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की तनुजाची तारीख मिळाल्याशिवाय भटजींची तारीख कुणी घेईना.

देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष शेषेराव यांना यात गावाचं भवितव्य दिसलं. ते भुजंगकाकांकडे येऊन म्हणाले, असली पोरगी लग्न करून लोह्याला धाडायची म्हणजे गावाचं भलं उचलून लोह्याला द्यायचं. लोह्याचं स्थळ थांबलं. ट्रॅकपँटबद्दलही कुणी बोलेना. पहाटे आम्ही पारावरून पळत गेलो की म्हातारे तनुजाला हात जोडायचे. मी एक पाऊल मागे असल्यामुळे तो नमस्कार मलाही लागायचा, मग मी निवृत्तीची मनीषा आहे हे ध्यानात आलं की काहींचे हात खाली यायचे. आम्ही बौद्ध. त्या घरांच्या चुलीपाशी आम्हाला बोलावण्याचा प्रश्न, पाळी असो नसो, कधी आलाच नव्हता.

एकदा मी तिला म्हटलं की हे बरं लक्षण नाही, दवाखान्यात दाखव. खरं तर मला तिचा हेवाही वाटायचा, कारण माझी पाळी नेमकी गोळाफेकीच्या चाचणीला यायची. तनुजा बुटाची नाडी बांधत होती. ती वर न बघता म्हणाली, "नगं बाई. ती आली की लोहा आलंच. ती न्हाई तवर मला पळता येतंय." तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण देवीची पोरगी म्हटल्यावर उपास आले. सोमवार, मंगळवार, शुक्रवार, मग कुणाच्या तरी नवसाचा गुरुवार. सरांनी ठेवलेली एक भाकरी देवीने अर्धी केली. तनुजाची नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग चालताना, मग नुसती बसल्या बसल्या. ती ओढणीची पट्टी घट्ट बांधायची आणि पळायची. सर म्हणाले, दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय.

अशात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. आमच्याकडे या अमावास्येला घरात कुणी राहत नाही. शेतात कडब्याची कोपी उभारायची, तिच्यात पूजा मांडायची आणि मग शेंगभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील पोटाला तडस लागेस्तोवर खायची. आमच्या घरी पूजा नसते, भज्जी असते. त्या दिवशी साऱ्या शिवारात एकच माणूस उपाशी होतं. प्रत्येक कोपीची पूजा तनुजाने करावी असं ठरलं होतं आणि सगळ्या पूजा होईपर्यंत तिने तोंडात काही घालायचं नव्हतं. लोकांना भूक अनावर झालेली. ती एका शेतात पूजा करतेय तोवर दुसऱ्या शेतातले लोक हाका मारायला लागले. मग ती डोक्यावर आंबिलीचं मडकं, आमच्या भाषेत बिंदगा, घेऊन बांधाबांधाने पळायला लागली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ सरांना पाठवला. सरांनी अंगठा पाठवला.

शेषेरावांच्या हरभऱ्यात ती पडली. पाय मुरगळला नाही, दगड लागला नाही, सपाट रानात नुसती खाली बसल्यासारखी पडली. बिंदगा फुटला आणि आंबील तिच्या अंगावरून हरभऱ्यात गेली. मी धावत पोचले तेव्हा लोक बिंदग्याभोवती जमले होते आणि नैवेद्यापुरती तरी उरली का, ते बघत होते. तनुजा नडगी धरून रडत होती. मी आयुष्यात जेवढ्या शिव्या शिकले होते तेवढ्या त्या शेतात दिल्या.

लातूरला नेलं. शेषेराव स्वतः जीप घेऊन आले. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि तनुजाला विचारलं, पाळी शेवटची कधी आली. तनुजा तोंड उघडायच्या आत शेषेरावच बोलले, "येतच न्हाई. पोळ्यापासून एकदाबी न्हाई." हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला.

त्या रागावल्या, पण समजावूनही सांगितलं. एवढं पळायचं आणि एवढंसंच खायचं म्हटल्यावर शरीर काटकसर करतं. वीज कमी पडली की आपण आधी फ्रीज बंद करतो, तसं ते आधी पाळी बंद करतं. पण पाळी आणणारं जे संप्रेरक अंगात तयार होतं तेच हाडंही राखतं. ते आटलं की हाड आतून विरळ होत जातं, वय वीस असलं तरी. हाड जुळेपर्यंत पायावर भार नको, उपास तर अजिबात नको. दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी, चालत असेल तर मटण, आणि पळायच्या आधी खायचं, नंतरही खायचं. अशाने पाळी आपोआप परतेल, त्याला काही महिने लागतील. आली की समजायचं, हाडांचं काम पुन्हा सुरू झालं. त्यानंतरच पळायचं, तेही हळूहळू.

शेषेरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, पायाचं आत्ता करून घेऊ, पण दुसऱ्या गोष्टीचा इलाज चैताच्या जत्रेनंतर केला तर चालेल का. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

मी ते सगळं मैदानावर जाऊन सरांना ऐकवलं. सर हसले आणि पोरींना म्हणाले, सांगा गं हिला, कुणाला असं काही होतं का. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या बघण्याचा अर्थ सरांना बरोबर समजला. दुसऱ्या दिवशी मैदानावर वजनकाटा नव्हता आणि सर स्वतः उकडलेली अंडी सोलत बसले होते.

गावात मात्र वेगळीच पंचाईत झाली. पोरगी बरी व्हावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, फक्त फार बरी होऊ नये. लोक भेटायला येताना साबुदाण्याची खिचडी आणायचे. मोठीआई चारचौघांत मान हलवायची, उपास मोडायचा नाही म्हणायची, आणि माणसं गेली की दार लोटून तनुजाच्या दुधात तूप सोडायची. ती स्वतः कंबरेत पार वाकली आहे. एकदा तिने मला हळूच विचारलं, डॉक्टरीण म्हणती ते हाडाचं खरं हाय का. मी म्हटलं, खरं आहे. "जन्मभर उपास करत आले मी," एवढंच ती बोलली आणि आत गेली. त्या म्हातारीचा मला तोवर फक्त राग यायचा.

तनुजा चालायला लागली, गाल भरले, आणि चैत आला. जत्रेला देवीचा कळस डोक्यावर घेऊन देवळाला फेरा घालायचा मान तिचा होता. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलं होतं, म्हणून कमिटीने तिच्यासाठी खास हलका कळस करवून घेतला. मीही गेले होते, नेहमीसारखी अंगणाच्या बाहेर, नारळवाल्यापाशी. हलगी वाजत होती. तनुजा नवं लुगडं नेसून पायरीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. शेषेरावांनी कळस पुढे केला. तिने हात मागे घेतले.

"मी बाजूला बसले," ती म्हणाली. "सकाळीच."

हलगी थांबली. शेषेराव जवळ आले, पण फार जवळ नाही, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "कुणाला कळायलंय, बाई? तू सांगू नको, मी न्हाई सांगत. फेरा तेवढा घाल." बारमाही शुद्ध पोरगी म्हणून ज्या माणसाने तिला गावाच्या डोक्यावर बसवलं, तोच हे म्हणत होता. मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली, कारण लपवणं तिला किती सोयीचं होतं हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसली असती तर पळणं शाबूत, लोहा लांब. तनुजा एवढ्या मोठ्याने बोलली की बाहेर नारळवाल्यालाही ऐकू गेलं. "मला सांगायचंय. माझी हाडं भरायलीत. मला लई बरं वाटतंय."

शेषेरावांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते भुजंगकाकांकडे वळून म्हणाले, आता गावाला हिचा काही उपयोग नाही, लोह्याला कळवून टाका. भुजंगकाकांनी मुकाट्याने फोन काढला. मग पोरीला घरी न्यावं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तो हात अर्ध्यातच थांबला. चार दिवस तिला शिवता येत नव्हतं.

तनुजाने त्या हाताकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला तिच्या चालण्यावरूनच कळलं. ती सरळ गर्दीत शिरली आणि गर्दी आपोआप फाकली. जो तो लुगडं सावरून, धोतर आवरून बाजूला होत होता. ती घरी गेली, ओसरीवरच्या दोरीवरून कपडे काढून पिशवीत कोंबले, पायात पळायचे बूट घातले आणि लुगड्यावरच फाट्याकडे निघाली. अर्धं गाव दहा हात अंतर ठेवून मागे. थांब म्हणणारे पुष्कळ होते, धरणारा एकही नव्हता. मी पळत जाऊन तिची पिशवी घेतली आणि तिचा हात धरला. मला तो नियम नव्हता. मी जत्रेच्या आधीच उदगीरला भाड्याची खोली घेतली होती, तिथे दोघींना जागा होती, लेखी परीक्षेचा अभ्यास होता आणि रस्त्याच्या कडेला अंड्यांची गाडी होती.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो तेव्हा गर्दीतून मोठीआई पुढे आली. वाकलेली, धापा टाकत, हातात फडक्याचं गाठोडं. तनुजा माझ्या पाठीमागे झाली. मोठीआई चार पावलं अलीकडे थांबली. बाजूला बसलेलीला देतात तसं तिने गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि मागे सरली.

"शेंगदाण्याचे लाडू हायत. खारकाची पूड बी हाय," ती म्हणाली. "लोह्याच्या पावण्याचं मी बघते. तू दर म्हैन्याला फोन कर, आली म्हून कळव. न्हाई आली तर मी येते तिथं, भाकरी थापायला."