वळणावरची बाहेरची पट्टी

मिस्त्री कुदळीला नवा दांडा बसवत ओट्यावर बसला होता, तेवढ्यात बायकोने फोन त्याच्या नाकासमोर आणून धरला.

"बघा तुमच्या लेकीची ऐट," ती म्हणाली. "स्वतःच्या लग्नात एवढी हसली नव्हती बया."

फोटोत भिंगरी एका कोऱ्या करकरीत ट्रकच्या दाराला टेकून उभी होती. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले, ते नाव तिशी आली तरी सुटलं नव्हतं. डोंगरावरच्या वर्कशॉपची गाडी गेली सहा वर्षं तीच चालवायची. जुना पिकअप पार खिळखिळा झाला, म्हणून मालकांनी नवी गाडी घेतली होती आणि ती आणायला भिंगरी सकाळीच खाली शहरात गेली होती. सगळं खरं, पण मिस्त्रीने लेकीच्या हसण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने चाकं मोजली. पुढे दोन. मागे जोडचाकं, म्हणजे चार.

"हा एवढा थोरला?"

"मग काय खेळण्यातला घ्यायचा होता?"

"रिकामाच आणतेय ना?"

"रिकामा कशाला आणेल? दीडशे गोण्या सिमेंट भरलंय. म्हणाली, पहिल्याच खेपेला गाडीचं पाणी जोखून घेते."

दीडशे गोण्या. साडेसात टन, वर गाडीचं वजन वेगळं. मिस्त्रीने कुदळ खाली टाकली.

"निघाली का?"

"अर्धा तास झाला की. अहो, झालं काय तुम्हाला? तोंड का पांढरं पडलंय?"

त्याने बायकोच्या हातातला फोन घेतला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि चपला कुठल्या पायात कुठली हेही न बघता तो उताराला लागला.

आता त्या रस्त्याचं सांगायला हवं. त्याला रस्ता म्हणणं जरा जास्तच होईल. डोंगरावरच्या तीसेक घरांना आणि वर्कशॉपला पायथ्याशी जोडणाऱ्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या होत्या, एवढंच. प्रत्येक पट्टी दोन फूट रुंद, मधे गवत. गाडीची डावी चाकं एका पट्टीवर, उजवी दुसरीवर. अख्खा रस्ता करायला सिमेंट पुरणार नव्हतं, म्हणून बावीस वर्षांपूर्वी ही युक्ती काढली आणि मिस्त्रीने ती अमलात आणली. सव्वाचार किलोमीटर, वीस वीस फुटांचे तुकडे, दोन तुकड्यांच्या मधे डांबराचा सांधा. चालणाऱ्याने मधल्या गवतातून चालायचं. उतरणाऱ्या गाडीने रुंद जागा बघून थांबायचं आणि चढणाऱ्या भरल्या गाडीला कुणीही, अगदी कुणीही, थांबवायचं नाही. तिथले लोक एकमेकांशी भांडले तरी हे नियम पाळायचे.

आणि मिस्त्रीचं नाव असं होतं की काही पक्कं म्हणायचं असेल तर लोक "मिस्त्रीच्या पट्टीसारखं" म्हणायचे. माणसाला अशी कीर्ती बाधते, दुसरं काय.

कारण वळणावरचा तो एक तुकडा पक्का नव्हता. डोंगराच्या कंबरेला एक आवळ वळण आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सरळ खोल दरी. दरीकडच्या पट्टीच्या बरोबर खाली एका जुन्या झाडाचा बुंधा आला होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. तो खणून काढायला चार दिवस गेले असते, आणि आभाळ तर भरून आलेलं. मिस्त्रीने बुंधा जमिनीलगत कापला, करवतीच्या खुणांवर थापी आपटून बघितली. दगडासारखा टणक. म्हणाला, हे लाकूड माझ्या नातवंडांना पुरेल. घातल्या साच्याच्या फळ्या आणि ओतलं काँक्रीट. दगडाचं काम जन्मभर केलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. त्याला टणकपणा कळतो, लाकडाचं मरण कळत नाही.

आठ वर्षांपूर्वी एकदा त्या सांध्यातून वाळवी निघताना त्याला दिसली. त्याने पहारीने पट्टी ठोकली. बाकीचे तुकडे टण् वाजायचे, हा ढब वाजला. त्या दिवसापासून मिस्त्रीच्या जिवाला स्वास्थ्य म्हणून नव्हतं. एकदा संध्याकाळी कुणी नाही असं बघून त्याने सांध्यातून सिमेंटची पातळ रबडी ओतली. सहा बादल्या ओतल्या. सगळ्या आत गेल्या आणि सांधा जसाच्या तसा कोरडा. मग तो घाबरून घरी आला आणि बायकोला म्हणाला, अंग मोडून आलंय. पट्टी फोडून दुरुस्त करायची तर पंधरा दिवस रस्ता बंद, आणि पहिला प्रश्न सगळे हाच विचारणार की खाली होतं काय. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा तो मूग गिळून बसला.

भिंगरीला मात्र गाडी शिकवताना त्याने बजावलं होतं: वळणावर बाहेरच्या पट्टीवर चाक घालायचं नाही, आत कातळाकडे दबून घ्यायचं. का, तर बाहेर शेवाळ धरतं, चाक घसरतं. पोरीने सहा वर्षं ते पाळलं. छोट्या पिकअपला कातळाच्या बाजूला तेवढी जागा मिळायची. या धुडाला मिळणार नव्हती. त्याला दोन्ही पट्ट्या लागणार होत्या.

पहिल्या उतारावर त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना बापाचा फोन आला तरी उचलायचा नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं. तिसऱ्यांदा लावायला गेला तर रेंज गेली. डोंगराच्या त्या अंगाला ती कधीच नसायची.

गुडघा बोंबलत होता. मिस्त्री पळत नव्हता, पण जे काही चाललं होतं त्याला चालणंही म्हणता येत नव्हतं. डोळ्यांसमोर एकच चित्र: मागची जोडचाकं त्या तुकड्यावर येतात, तुकडा मधे मोडतो, गाडीचं ढुंगण दरीकडे बसतं आणि दीडशे गोण्या त्याच बाजूला सरकतात. मग पुढचं चित्र त्याला बघवेना. "आत्ता नको," तो तोंडाने पुटपुटत होता, "आत्ता नको, पोहोचू दे मला." कुणाला सांगत होता कोण जाणे. भीती वाटली की माणूस हवेशीही बोलतो.

वळणावर पोहोचला तेव्हा खालून इंजिनाचा आवाज येत होता. जड, दमदार, मधेच गिअर बदलल्याचा. म्हणजे चढण सुरू झाली होती.

त्याने पहार आपटली. ढब. जरा पुढे, पुन्हा ढब. वर्षापूर्वी हातभर लांबीत पोकळ वाजायचं, आता निम्मा तुकडा वाजत होता. मिस्त्री वळणाच्या खाली पंधरावीस पावलं गेला आणि बाहेरच्या पट्टीवर मधोमध उभा राहिला.

ट्रक दिसला. खालच्या वळणातून नाक बाहेर आलं, मग काच, मग काचेमागे भिंगरी. तिने बापाला बघितलं, हसली आणि लांबलचक हॉर्न दिला. आपलं कौतुक बघायला म्हातारा एवढ्या लांब आला असंच तिला वाटलं असणार. तो आता गवतात उतरेल म्हणून तिने वेग कमी केला नाही. चढावर भरली गाडी कोण थांबवतो?

आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणी मिस्त्रीच्या मनात आलं की व्हावं बाजूला. आठ वर्षं टिकलीय, आणखी एकदा टिकेल. गाडी वर जाईल, सगळे पेढे वाटून टाळ्या वाजवतील आणि कुणाला कधी काही कळणार नाही. त्याचा एक पाय पट्टीवरून उचललाही गेला. त्या पायाची त्याला एवढी भीती वाटली की त्याने पहार पट्टीवर आडवी टाकली आणि तिथेच मांडी घालून बसला.

ब्रेकचा कर्कश आवाज झाला. ट्रक थांबला, मग हातभर मागे सरकला. मिस्त्री धडपडत उठला, कडेचा दगड उचलून मागच्या चाकाखाली सारला, मग दुसरा. दगड दोनदा निसटला.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" भिंगरी दारातून ओरडली. "चढावर? साडेसात टन आहे मागे. मी वेळेवर दाबलं नसतं तर?"

"खाली उतर."

"आधी बाजूला व्हा. क्लच जळेल माझा."

"भिंगरे, खाली उतर. पाया पडतो तुझ्या."

बाप असं कधी बोलला नव्हता. तिने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि उतरली. मिस्त्री वळणावर गेला. सांध्यावर पहारीचं टोक टेकवून जोर दिला. डांबराचा पापुद्रा फुटला आणि पहार आत गेली. वीत, हात, दोन हात. खाली काही लागलंच नाही. बाहेर काढली तेव्हा टोकाला काळा ओला भुसा चिकटला होता.

भिंगरीने पहार त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः घालून बघितली. मग ती मागे सरकत सरकत कातळाला पाठ लागेपर्यंत गेली. दरीकडे एकदा बघितलं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"माझी मागची चाकं बरोबर इथे आली असती," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"आठ वर्षं."

तिने हिशेब केला आणि तिला सगळं उमगलं. "म्हणजे शेवाळबिवाळ काही नव्हतं."

"नव्हतं. तू आत दबून जायचीस, म्हणून मला जरा तरी झोप लागायची."

मिस्त्रीला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. वाचलो म्हणेल. तो स्वतः रडायच्या बेतात होता. पण भिंगरी त्याच्याकडे बघत होती ती निराळ्याच नजरेने.

"मला सांगितलंत," ती म्हणाली. "बाकीच्यांना?"

मिस्त्री फुटलेलं डांबर पायाने सांध्यात लोटू लागला.

"मंगळवारी डॉक्टर येतात. दुधाची गाडी येते. बाबा, मी विचारतेय. बाकीच्यांना काय सांगितलंत?"

"हलक्या गाड्या आहेत त्या. मला वाटलं..."

ती ट्रकमध्ये चढली. आरशात बघत, इंच इंच करत तिने तो रुंद जागेपर्यंत मागे नेला. मिस्त्री चाकामागे दगड ठेवत, उचलत उतरत होता. तिथे तिने ट्रक दोन्ही पट्ट्यांवर आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली.

"आता कुणी वर येत नाही," ती म्हणाली. "वरच्यांना मात्र तुम्हीच थांबवायचं. दारोदार जाऊन सांगायचं. मी बरोबर येते, पण तोंड उघडणार नाही."

"लोक काय म्हणतील ग?"

"ते म्हणतील ते ऐकून घ्या."

दोघं चढून वर आले. मघाशी मिस्त्रीला लेकीच्या जिवाची भीती होती, आता लोकांच्या तोंडाची. पहिलं घर शाळेची गाडी चालवणाऱ्या मावशींचं. गाडी अंगणात उभी होती. दुपारी पोरांना आणायला त्या पुन्हा खाली जायच्या. मिस्त्रीने कडी वाजवली आणि दार उघडलंच नाही तर बरं, असं वाटून तो तसाच उभा राहिला.

दार उघडलं. "अरे वा, मिस्त्री," मावशी म्हणाल्या. "बरं झालं आलात. मागच्या भिंतीला तडा गेलाय, जरा बघता का? दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची मला छाती होत नाही."

मिस्त्रीने मागे वळून पाहिलं. भिंगरी फाटकाशी हाताची घडी घालून उभी होती.

"मावशी, गाडी आज काढू नका," तो म्हणाला. "पोरांना खालीच थांबवून घ्या, पायवाटेने आणू. ती वळणावरची पट्टी खालून पोकळ आहे. मी चुकीची घातली. आणि मला ठाऊक होतं."

मावशींनी दाराची चौकट धरली.

"सकाळीच गेले हो मी त्यावरून," त्या म्हणाल्या. "चौदा पोरं होती गाडीत."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "जाताना रोज मोजतो. येताना परत मोजतो."