जिवारणे

मी मेले ती छापखान्यात. पर्यायकोशाच्या पहिल्या आवृत्तीत, प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत छापलं होतं, 'कार्डे लावून देण्याच्या कामी कै.' आणि पुढे माझं नाव. हवं होतं 'कु.' खिळे जुळणाऱ्याने खालचा उकार खाल्ला आणि वर दोन मात्रा चढवल्या. झाली बाई कैलासवासी.

कार्डं लावून देणं म्हणजे काय तेही सांगते. कोशकार सरांच्या घराच्या मागच्या खोलीत बसून, एकेक शब्द ऐकून, पारखून, त्याचे भाऊबंद हुडकून मी अकरा वर्षं कार्डं लिहिली. सरांनी त्यांच्या गठ्ठ्यांना रबरबँड लावले. मुखपृष्ठावर नाव एकट्या सरांचं.

चूक दाखवली तेव्हा सर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढे तीन आवृत्त्या निघाल्या, तिन्हींत मी मेलेलीच. मग कळलं, की दुसऱ्या एका प्रकाशकाने मला काम द्यायचं म्हणून पत्ता विचारला, तर सरांनी मान खाली घालून नुसता सुस्कारा सोडला होता. म्हणजे चूक केली जुळणाऱ्याने, पोसली सरांनी. मेलेली बाई मुखपृष्ठावर हक्क सांगायला येत नाही. घरी वहिनी ताट वाढताना म्हणायची, "वन्सं, मेल्यावरही भूक लागतेच का हो?" सगळे हसायचे. मीही हसायचे. दात दाखवायला काय जातं.

पोटासाठी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. सोळा वर्षांनी कोशाची पाचवी आवृत्ती नेमकी तिथेच आली. शेवटची मुद्रितं घेऊन मालकाने मलाच प्रकाशकबाईंकडे धाडलं. तिथे सर बसले होते. छापखान्याच्या माणसाच्या तोंडाकडे बघायची सरांना सवय नाही, त्यात माझे केस पांढरे झालेले. मी टेबलाच्या टोकाला बसून पानं लावू लागले.

प्रकाशकबाई नव्या, वडिलांच्या जागी आलेल्या. त्यांनी 'पुन्हा जिवंत होणे' या नोंदीवर बोट ठेवलं. धुगधुगी येणे, तरारणे, पालवी फुटणे, कात टाकणे, हे ठीक. पण 'जिवारणे' हा शब्द दुसऱ्या कुठल्याच कोशात नाही, अशी एका वाचकाची तक्रार आली होती. काढायचा का, असं त्यांनी सरांना विचारलं.

माझा हात थांबला. तो शब्द माझ्या आईचा. मान टाकलेल्या रोपाला पाणी घातलं, की दुपारी ती म्हणायची, बघ, जिवारलं. तिच्याशिवाय कुणाच्याच तोंडी मी तो ऐकला नाही.

सर खुर्चीत रेलले. "राहू द्या. एका जुन्या पोथीत सापडला मला. मी स्वतः टिपलाय."

"कुठल्या पोथीत, सर?" मी विचारलं.

सरांनी तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याचा रंग उतरला, पण जीभ सवयीने पुढे गेली. म्हणे नाव आठवत नाही, पानं फाटकी होती.

"ती पोथी म्हणजे माझी आई," मी म्हणाले. "तिला वाचता येत नव्हतं."

आपण कोण, असं बाईंनी विचारलं. मी प्रस्तावनेचं पान पुढे सरकवलं. "ही कैलासवासी."

बाई उठल्या. सरांची म्हणून कपाटात जपलेली कार्डं त्यांनी काढली आणि 'जिवारणे'चं कार्ड माझ्या दुरुस्त्यांशेजारी ठेवलं. शेपूट लांबवलेला तोच 'ण'. आणखी वीसेक कार्डं त्यांनी चाळली. मग म्हणाल्या, मुखपृष्ठ बदलेल.

सर माझ्याकडे वळले. "अगं, एका मात्रेची चूक ती. इतकं मनाला लावून घ्यायचं? टाकू की दोघांची नावं."

"दोन मात्रांची," मी म्हणाले.

बाईंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मुखपृष्ठावरचं सरांचं नाव मी खोडलं, माझं लिहिलं. मग प्रस्तावनेच्या तळाशी आले. शेवटची ओळ खोडून नवी लिहिली, 'कार्डांना रबरबँड लावून देण्याच्या कामी', आणि पुढे सरांचं नाव. फक्त नावाआधी थोडी जागा सोडली. सर टेबलाची कड धरून पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते. मी काय लिहिणार ते त्यांना कळलं होतं.

मी 'श्री.' लिहिलं. मेलेला माणूस वाचत नाही, आणि सरांना हे दर आवृत्तीत वाचायचं आहे.